महाळुंग्याच्या भट्टीत वाकवलेला नळ

मीरासाहेब मुलाणी यांनी आयुष्यात शेकडो मोटारी उघडल्या आणि पुन्हा जोडल्या. त्या सगळ्या कामात एकच नळ त्यांनी आतून न पाहता बसवला. त्या नळाने त्यांचे चाकणमधले आयुष्य संपवले. लोक आजही या घटनेला मिस्त्रीचा हलगर्जीपणा म्हणतात. ज्या दोन माणसांत हे सारे घडले, त्यांपैकी एकाने ते कधी बोलून दाखवले नाही; दुसऱ्याने, खुद्द मीरासाहेबांनी, ते पुढे मला सांगितले.

त्यांचा जन्म चाकणचा. गावकीत मुलाण्याचे, म्हणजे बकरे हलाल करण्याचे, काम ठरलेले असे आणि ते वडिलांकडून मुलाकडे जाई. मीरासाहेबांनी ते धाकट्या भावाकडे सोपवले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देहूरोडच्या लष्करी डेपोत मजूर म्हणून नाव घातले. सहा वर्षांनी ते तिथून मिस्त्री होऊन बाहेर पडले. शिक्षण मराठी तिसरीपर्यंतचे. इंग्रजी अक्षर वाचता येत नसे. डेपोतल्या एका म्हाताऱ्या हवालदाराने मात्र त्यांना एक नियम शिकवला होता आणि तो त्यांनी जन्मभर पाळला. इंजिनाचा बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तिचा परिणाम पाहायचा, मगच दुसरीला हात लावायचा. एका वेळी दोन गोष्टी बदलणारा माणूस बिघाड घालवू शकेल, पण तो कशाने गेला हे त्याला कधीच कळणार नाही, असे ते म्हणत.

पंचावन्न साली चाकण, महाळुंगे आणि खराबवाडी इथल्या बेचाळीस शेतकऱ्यांनी शेतमालाचा सहकारी संघ काढला. कांदा-बटाटा तळेगावच्या स्टेशनवर नेऊन मालगाडीच्या डब्यात भरायचा, हे त्याचे मुख्य काम. बैलगाड्यांना दिवस लागे आणि दलालांचे ट्रक ऐन हंगामात हुलकावणी देत. म्हणून संघाने लष्कराच्या लिलावातला एक जुना अमेरिकन ट्रक घ्यायचे ठरवले. निम्मे सभासद विरोधात होते. त्या वेळी संघाचे अध्यक्ष अर्जुनराव यांनी मीरासाहेबांना लिलावाच्या जागी नेले. मीरासाहेबांनी इंजिन चालू करायला लावले, लाकडी दांड्याचे एक टोक त्यावर आणि दुसरे कानाला लावून ते अर्धा तास उभे राहिले. परत आल्यावर त्यांनी सभेत सांगितले, “गाडी म्हातारी हाय, पर काळीज शाबूत हाय. ती थांबली तर मला इचारा.”

एवढ्या शब्दावर बेचाळीस घरांनी ट्रक घेतला. संघाने पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला त्यांना पत्र्याची शेड बांधून दिली आणि संघाचा मिस्त्री म्हणून त्यांची नेमणूक केली. या नेमणुकीवर त्यांची उपजीविका होती हे खरेच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की गावात प्रथमच एका मुलाण्याचा शब्द चावडीवर ग्राह्य धरला गेला होता. मीरासाहेबांना त्याची जाणीव होती. दोन वर्षे ट्रक एकदाही रस्त्यात थांबला नाही.

सत्तावन्नच्या उन्हाळ्यात ट्रकचा सायलेन्सर आणि त्याचे नळ गंजून फुटले. ड्रायव्हर भैरू तक्रार करू लागला, की धूर केबिनमध्ये शिरतो आणि तळेगावला पोचेपर्यंत डोके भणभणते. सायलेन्सर पुण्याच्या बाजारात मिळाला. इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतचा पुढचा नळ मात्र मिळेना. त्याला दोन वाक होते, आणि त्या लष्करी बनावटीचा नळ कोणी ठेवत नव्हते. तो घडवून घ्यावा लागणार होता. मीरासाहेबांनी सरळ नळ विकत घेतला आणि महाळुंग्याला ज्योतीराम लोहारांकडे गेले.

ज्योतीराम आणि मीरासाहेब एका वयाचे. देहूरोडहून परतल्यावर मीरासाहेबांकडे ना शेड होती ना हत्यारे, तेव्हा ज्योतीरामांनी आपल्या भट्टीच्या वळचणीला त्यांना जागा दिली होती. पुढे मीरासाहेबांनी ते फेडले. नांगराच्या फाळांचे आणि गाडीच्या चाकांवरच्या लोखंडी धावांचे काम कमी होत चालले, तेव्हा त्यांनी ज्योतीरामांना मोटारीच्या कमानींचे, म्हणजे स्प्रिंगांचे, पाटे घडवायला शिकवले. दसऱ्याला ऐरणीची पूजा झाली की पहिला नारळ मीरासाहेबांच्या हाती दिला जाई. मीरासाहेबांची बायको झुलेखा आणि ज्योतीरामांची मंजुळाबाई यांचेही एकमेकींकडे जाणेयेणे असे.

लोखंडी नळ तसाच वाकवला तर वाकाच्या जागी चेपतो. म्हणून त्यात कोरडी वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडे भुसा मिसळलेल्या मातीच्या बोळ्यांनी बंद करायची, नळ भट्टीत लाल करायचा आणि मग वाकवायचा. निवल्यावर बोळे फोडून वाळू झाडून टाकायची. ज्योतीरामांनी असे नळ पूर्वीही वाकवले होते. मीरासाहेबांनी त्यांना तारेचा नमुना वाकवून दिला आणि ते शेडवर परतले. सांजेच्या सुमारास ते नळ आणायला गेले, तेव्हा नळ गार होऊन भिंतीला टेकवलेला होता. वाक नमुन्याबरहुकूम उतरले होते. मीरासाहेबांनी नळ खांद्यावर घेतला, चहा घेतला आणि ते निघाले.

नळाच्या तोंडाला डोळा लावून त्यांनी आत पाहिले नाही, दिव्यासमोर धरला नाही, आतून तार फिरवली नाही. का, हे समजण्यासाठी या भागातली एक रीत सांगावी लागेल.

लोहाराकडून फाळ, कुऱ्हाड किंवा विळा घेताना कोणी ती वस्तू त्याच्यासमोर उलटसुलट करून तपासत नसे. तसे करणे म्हणजे त्याच्या हातावर भरवसा नाही असे त्याच्याच भट्टीवर त्याला सांगणे. वस्तू न्यावी, वापरावी. मोडली तर परत आणावी आणि लोहाराने एक शब्द न बोलता ती पुन्हा घडवून द्यावी. कारागिरांमध्ये आपापसांत ही रीत अधिक कडक होती. जो स्वतः हाताने काम करतो त्याने दुसऱ्याच्या हाताचा मान राखावा, असे मानले जाई. ही रीत भाबडी नव्हती. फाळात खोट असली तर ती दुसऱ्या दिवशी शेतात उघडी पडे, आणि ती कोणाची हे साऱ्या गावाला कळे. विश्वासाच्या पाठीशी अशी उघड परीक्षा उभी असे. मोटारीचा नळ ही वेगळी वस्तू होती. तिच्यातली खोट तिच्यात दिसत नाही. ती दुसऱ्याच्या कामात, इंजिनात, उमटते आणि दोष त्या दुसऱ्याच्या नावावर लागतो. जुनी रीत नव्या वस्तूला लागू करताना हा फरक कोणाच्या ध्यानात आला नाही. मीरासाहेबांच्याही आला नाही.

नळ आणि सायलेन्सर बसवून ट्रक चालू केला तेव्हा शेडपुढे पंधरावीस माणसे जमली होती. आवाज इतका मऊ, की लोकांनी माना डोलावल्या. पुण्याच्या साहेबाची मोटार वाटते, असे कोणी म्हणाले. भैरूने रिकामा ट्रक खराबवाडीपर्यंत नेऊन आणला आणि धूर अजिबात येत नाही असे सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कांद्याची पोती भरून ट्रक तळेगावला निघाला. महाळुंगे ओलांडेपर्यंत तो बरा चालला. पुढच्या चढावर त्याचा दम गेला. भैरूने दुसरा गिअर टाकला, मग पहिला. ट्रक माणसाच्या चालीने थोडा वर सरकला, कार्बोरेटरमधून दोनदा फडफड आवाज झाला आणि इंजिन बंद पडले. रेडिएटर उकळत होता. तासाभराने पुन्हा चालू केला तर तो मुकाट चालू झाला आणि शंभर पावलांवर पुन्हा बंद पडला. तळेगावला संघाच्या नावावर मिळालेला मालगाडीचा डबा त्या दिवशी रिकामा गेला.

त्यानंतरचे बारा दिवस मीरासाहेबांनी आपल्या नियमाप्रमाणे काढले. पहिल्या दिवशी कार्बोरेटर उघडून साफ केला. ट्रक सपाटीवर रिकामा चालवला की ठीक वाटे, माल भरून चढाला लागला की मरे. दुसऱ्या दिवशी पेट्रोलचा पंप, तिसऱ्या दिवशी प्लग आणि त्यांच्या तारा. मग टायमिंग. प्रत्येक बदलानंतर महाळुंग्याच्या चढापर्यंत फेरी, आणि प्रत्येक वेळी तोच निकाल. ही लक्षणे सायलेन्सर बदलल्यानंतर सुरू झाली हे त्यांना दिसत नव्हते असे नाही. पाचव्या दिवशी त्यांनी सायलेन्सर काढला, त्यात तोंडाने फुंकून पाहिले, पाणी ओतून पाहिले. तो मोकळा होता. मग सायलेन्सरशिवाय, नुसत्या पुढच्या नळावर, ट्रक चढावर नेला. तो तिथेच थांबला. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की धूर बाहेर जाण्याच्या वाटेत अडथळा नाही.

हा निष्कर्ष चुकीचा होता. पुढचा नळ त्यांनी हिशेबात धरलाच नव्हता. सायलेन्सर काढल्यावर इंजिनाचा जेवढा गडगडाट व्हायला हवा होता तेवढा झाला नाही, हे त्यांच्या कानाने टिपले होते. ते स्वतःच पुढे म्हणत, की त्या वेळी कानाला आपण गप्प बसवले.

मनात शंकेची रेघ उमटली होती, हे मात्र खरे. त्याच दिवशी ते महाळुंग्याला गेले. ज्योतीराम ऐरणीवर खुरप्याला धार काढत होते. मीरासाहेबांनी बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून मग विचारले, की नळातली वाळू सगळी निघाली होती ना, बोळे दोन्ही बाहेर पडले होते ना. ज्योतीराम म्हणाले, “वाळू झाडली, माती काढली. माझ्या हातचं काम हाय, मीरासाहेब.” मीरासाहेबांनी विचारल्याबद्दल माफी मागितली आणि ते परतले.

सातव्या दिवशी त्यांनी इंजिनाचे डोके, म्हणजे वरचे झाकण, उतरवले. एक व्हाल्व जळलेला निघाला. कारण सापडले असे वाटून त्यांना हायसे झाले. तो व्हाल्व तुंबलेल्या उष्णतेने जळला होता, म्हणजे तो बिघाडाचा परिणाम होता आणि त्यांनी त्यालाच कारण मानले. व्हाल्व बदलून, घासून, सगळे जोडायला तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत संघाचा माल उन्हात पडून होता आणि दलालांचे ट्रक शेडसमोरून मुद्दाम भोंगा वाजवत जात होते. हॉटेलात चहाला गेलेल्या मीरासाहेबांना लक्ष्मणराव नावाच्या एका सभासदाने हटकले, “काय मिस्त्री, काळीज शाबूत हाय न्हवं? मग आता फुफ्फुसं बदलायची का?” सगळे हसले. मीरासाहेबही हसले, आणि चहा तसाच टाकून उठले.

डोके जोडल्यावर ट्रक पुन्हा त्याच चढावर थांबला.

त्या दुपारी झुलेखाने त्यांना जेवायला वाढताना एक प्रश्न विचारला. तिला मोटारीतले काही कळत नव्हते. चूल कळत होती. चुलीत लाकूड चांगले आहे, हवा लागते आहे, तरी ती पेटत नसेल तर धूर कुठे अडतो ते आपण पाहतो, मग तुम्ही धुराचा नळ का उघडत नाही, असे तिने विचारले.

“नळ ज्योतीरामानं केलाय,” मीरासाहेब म्हणाले.

“म्हनूनच इचारते.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय न्हाई. तुमी बाकी समदं उघडलं. ज्यात तुमचा हात न्हाई ते तेवढं बंद ठिवलं.”

मीरासाहेब ताटावरून उठले. लग्नानंतरच्या अठरा वर्षांत असे प्रथमच घडले. ते चिडले होते, पण उन्हातून चालत पुन्हा महाळुंग्याला गेले. आपण दुसऱ्यांदा विचारतो आहोत याची त्यांना लाज वाटत होती. त्यांनी ज्योतीरामांना सांगितले, की संघाची बैठक बाजारच्या दिवशी आहे, ट्रक चालला नाही तर आपली शेड जाणार आहे, आपल्या शब्दावर घेतलेली गाडी आहे, तेव्हा राग मानू नकोस. एकदाच सांग, नळ मोकळा आहे ना. ज्योतीरामांनी हातातला हातोडा खाली ठेवला. मग ऐरणीवर तळहात ठेवून ते म्हणाले, “मोकळा हाय.”

लोहार ऐरणीवर हात ठेवून सहज बोलत नाही. मीरासाहेबांनी पुढे काही विचारले नाही.

बैठकीच्या आधीच अर्जुनरावांनी निर्णय घेतला. हंगाम हातचा जात होता. त्यांनी संघाचे चिटणीस यशवंतराव यांच्यासोबत ट्रक पुण्याच्या एका गॅरेजात पाठवला. मीरासाहेब स्वतःही गेले; आपण काय काय बदलले हे तिथल्या माणसाला नीट सांगावे म्हणून. रिकामा ट्रक हळूहळू पुण्याला पोचला. गॅरेजच्या फोरमनने त्यांची हकीकत अर्धी ऐकली, गाडीखाली शिरला आणि पुढच्या नळाचे इंजिनाकडचे बोल्ट सैल करून नळ खाली सोडला. इंजिन चालू केल्यावर जो गडगडाट झाला त्याने शेजारच्या दुकानातले लोक बाहेर आले. फोरमनने ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिन नव्यासारखे चढत गेले. मग त्याने नळ करवतीने कापला. दुसऱ्या वाकात मातीचा बोळा होता. भट्टीत आणि नंतर इंजिनाच्या धगीत भाजून तो विटेसारखा पक्का झाला होता. त्याच्या एका कडेला करंगळी जाईल एवढी फट होती. तेवढ्या फटीतून बारा दिवस ते इंजिन श्वास सोडत होते.

फोरमनने बोळा यशवंतरावांच्या हातात दिला. मीरासाहेबांना त्याने एवढेच विचारले, “हे तुम्ही पाहिलं नाही?” विचारण्यात टोमणा नव्हता, खरेखुरे नवल होते. मीरासाहेब म्हणाले, “न्हाई पाहिलं.” यशवंतराव आणि भैरू दोघेही खाली पाहत होते.

परतीच्या वाटेवर मीरासाहेब चाकणला उतरले नाहीत. ते थेट महाळुंग्याला गेले. भट्टीवर ज्योतीराम एकटेच होते. मीरासाहेबांनी काही बोलण्यापूर्वीच त्यांच्या चेहऱ्यावरून ज्योतीरामांना कळले.

“बोळा सापडला,” मीरासाहेब म्हणाले. “तुला ठावं व्हतं?”

ज्योतीराम म्हणाले, “दोन घातले. एकच भाईर आला.”

“कवा कळलं?”

“त्याच सांजंला. वाळू ठासताना एक आत गेला आसंल. मला वाटलं, इंजिनाच्या धगीनं फुटंल आन उडून जाईल.”

“आन न्हाई गेला तर?”

“तर तू बघशील. बसवायच्या आधी तू बघशील आसं वाटलं. तू मिस्त्री हायेस.”

मीरासाहेबांनी हे उत्तर मला सांगितले तेव्हा आठ वर्षे उलटली होती, तरी त्यांनी ते शब्दाला शब्द सांगितले. ज्या न पाहण्याला ते मान समजत होते, त्याला समोरचा माणूस चूक समजत होता. एकाच रीतीच्या दोन टोकांना उभी असलेली ही दोन माणसे वीस वर्षे एकमेकांना ओळखत होती, आणि त्या रीतीचा अर्थ दोघांच्या मनात एकच आहे असे फक्त एकानेच गृहीत धरले होते.

“मी दोनदा इचारलं,” मीरासाहेब म्हणाले. “तू ऐरणीवर हात ठिवलास.”

ज्योतीराम रडू लागले. त्यांनी सांगितले, की संघ अवजारांचा कारखाना काढणार आहे, नांगर आणि कोळपी तिथे घडवायची आहेत, आणि ती जागा अर्जुनरावांनी आपल्याला द्यायचे कबूल केले आहे. ते ठरले तो दिवस आणि मीरासाहेब पहिल्यांदा विचारायला आले तो दिवस एकच होता. खरे सांगितले असते तर जागा गेली असती. गावात फाळ घडवायला आता कोण येते. पोलादी नांगर बाजारात तयार मिळतो. भाता चार दिवसांत एकदा चालतो. हे सगळे खरे होते. मीरासाहेबांना ते ज्योतीरामांइतकेच ठाऊक होते.

ते म्हणाले, “परवा बैठकीत तू सांग. मी इचारलं व्हतं, आन तू नळ मोकळा हाय म्हनलास, एवढंच सांग. मी तुझ्याबद्दल एक शबूद बोलणार न्हाई. तूच सांग.”

ज्योतीरामांनी सांगतो म्हणून कबूल केले. मीरासाहेबांचे दोन्ही हात धरून कबूल केले.

मीरासाहेब स्वतःच का बोलणार नव्हते, हे झुलेखाने त्यांना विचारले. ते म्हणाले, की मी सांगितले तर ते माझे म्हणणे होईल. आपली चूक झाकायला मिस्त्री लोहाराचे नाव घेतो, असे लोक म्हणतील. माझा शब्द आता पडलेला आहे. तो उभा राहायचा तर त्याच्याच तोंडून. या विचारात तर्क होता. त्यात आणखी एक गोष्ट होती. ज्या माणसाने फसवले त्याच्यावर पुन्हा एकदा भरवसा टाकण्याची ती ओढ होती, आणि तिला तर्काचे नाव देणे बरोबर होणार नाही.

बाजारच्या दिवशी सकाळी संघाच्या गुदामात बैठक भरली. बेचाळीसपैकी छत्तीस सभासद आले होते. यशवंतरावांनी बोळा टेबलावर ठेवला. तो हातोहात फिरला. लोक त्याला नखाने खरवडून पाहत होते, वास घेत होते. मग अर्जुनराव म्हणाले, की बोळा राहिला ही लोहाराची चूक, आणि अशी चूक कोणाच्याही हातून होते. पण नळ बसवताना आत न पाहणे आणि बारा दिवस सगळे इंजिन उघडून नळ तेवढा न उघडणे, हे मिस्त्रीचे काम नव्हे. त्यांनी मीरासाहेबांना काही सांगायचे आहे का असे विचारले.

मीरासाहेब म्हणाले, “नळ मी बसवला. न बघता बसवला. बाकीचं ज्योतीरामाला इचारा.”

ज्योतीराम दाराजवळ पोत्यावर बसले होते. ते उठले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. बोळा चुकून राहिला, माफी असावी, असे ते म्हणाले. अर्जुनरावांनी विचारले, की बारा दिवस ट्रक बंद होता, तेव्हा मिस्त्रीने तुम्हाला नळाबद्दल काही विचारले नव्हते का.

ज्योतीरामांनी मीरासाहेबांकडे पाहिले नाही. “मला कुणी इचारलं न्हाई,” ते म्हणाले. “इचारलं आसतं तर सांगितलं आसतं.”

गुदामात कुजबुज झाली. मीरासाहेब जागेवरून उठले. “इचारलं न्हाई, ज्योतीराम?”

“न्हाई.”

अर्जुनराव न्यायी माणूस होते. त्यांनी मीरासाहेबांना बसवून घेतले आणि तुम्ही विचारले होते का असे सरळ विचारले. मीरासाहेबांनी हो म्हटले. साक्षीला कोण होते, असे त्यांनी विचारले. “आमी दोघंच व्हतो,” मीरासाहेब म्हणाले. त्यांनी ऐरणीचे सांगितले नाही. त्या शपथेची गोष्ट तिथे उघडी केली असती तर ज्योतीरामांना कोणत्याही गावात भट्टी लावता आली नसती. पूर्वीचा मान त्यांच्या मनात आता उरला नव्हता, तरीही त्यांनी ते सांगितले नाही. त्याला कोणी औदार्य म्हणेल. माझ्या मते तो नुसता थकवा होता. एका मर्यादेपलीकडे फसवणूक सिद्ध करण्यात माणसाला रस उरत नाही.

ठराव झाला. मीरासाहेबांची नेमणूक रद्द झाली, ट्रकची देखभाल पुण्याच्या गॅरेजकडे गेली. शेड संघाने परत घेतली. ज्योतीरामांना अवजारांच्या कारखान्यात जागा मिळाली आणि त्यांनी तिथे चांगले काम केले असे सगळे सांगतात. लोकांनी कोणावर अन्याय केला असे म्हणता येणार नाही. समोर जेवढे आले त्यावरून त्यांनी जो निकाल दिला तो कोणीही दिला असता. फसवणुकीचे हेच गंभीर स्वरूप आहे. ती एका माणसाला लुबाडून थांबत नाही. ती छत्तीस प्रामाणिक माणसांना आपल्या बाजूने हात वर करायला लावते. ज्योतीरामांची अडचण खरी होती, हे मी नाकारत नाही. धंदा बुडत असलेल्या माणसाला खोटे बोलणे सोपे जाते हे समाजशास्त्राला सांगता येते. पण त्या दोन दिवसांत, भट्टीपासून गुदामापर्यंतच्या वाटेवर, त्यांना खरे बोलायची मोकळीक कोणी हिरावून घेतली नव्हती.

पुढे मीरासाहेब पिंपरीकडच्या एका नव्या कारखान्यात लागले आणि काळेवाडीत दोन खोल्या घेऊन राहू लागले. झुलेखाला ती वस्ती आवडली नाही. मंजुळाबाई तिला भेटायला एकदा आल्या होत्या. दाराशी उभ्या राहून, आत न येता, परत गेल्या.

साठ साली भैरू संघाच्या कामाने पिंपरीला आला, तेव्हा कारखान्याच्या फाटकाशी त्याची आणि मीरासाहेबांची गाठ पडली. ट्रक अजून चालतो, भरल्या मालाने चढ चढतो, असे त्याने सांगितले. कोणत्या गिअरमध्ये, असे मीरासाहेबांनी विचारले. दुसऱ्या, असे त्याने सांगितले. ते समाधानाने मान हलवून इंजिनाबद्दल आणखी काही विचारत राहिले. निघताना भैरू घोटाळला.

“मीरासाहेब, ज्योतीरामबाबा इचारत व्हते तुमाला. कुठं भेटले तर सांग म्हनले.”

“काय इचारतो?”

“बरे हायेत का, म्हणून.”

मीरासाहेब म्हणाले, “सांग त्याला, भेटलेच न्हाईत म्हणून.”

भैरू चालू लागला. दहा पावले गेला असेल, तेव्हा मीरासाहेबांनी त्याला हाक मारून थांबवले आणि स्वतः त्याच्यापर्यंत चालत गेले.

“न्हाई,” ते म्हणाले. “तसं खोटं नको सांगू. भेटले म्हन. भेटले, आन काय बोलले न्हाईत म्हन.”